गास्तोंचं पिंप

शातो-शालों, ११ मार्च १९८८

एलोडी,

टेलिफोन तीनदा केला. तिन्ही वेळा तुझ्या वडिलांनी उचलला आणि तिन्ही वेळा म्हणाले, "ती मळ्यात गेलीय." मार्चमध्ये, धो धो पावसात, दिवेलागणीला? तुझ्या वडिलांना खोटं बोलायची सवय नाही ही चांगली गोष्ट आहे, पण मग माणसानं त्या फंदात पडू नये. म्हणून हे पत्र. टेलिफोन आपटता येतो. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी थोडं वाचलं जातंच.

मी कोणाची बाजू घेऊन लिहीत नाहीये, हे आधीच सांगते. एक मुलगा, एक सून. दोघंही हट्टी, आणि मधे मी.

तू गास्तोंचं पिंप भरलंस. चूक झाली, आणि चूक लहान नाही. तुमच्या मेर्सोत पिंप जरा रिकामं दिसलं की दर आठवड्याला झारी घेऊन धावतात, हवेला आत शिरू देत नाहीत. आमच्याकडे साव्हान्यँ द्राक्षाची वाइन पिंपात घालायची, वर जागा सोडायची, बूच लावायचं आणि सहा वर्षं तिच्याकडे पाठ फिरवायची. पिंप आटतं, तिसरा हिस्सा हवेत जातो, वर यीस्टची साय धरते, आणि त्या सायीखाली वाइन पिवळी होत जाते. त्र्याऐंशीच्या तोडणीचं ते पिंप. तुझ्या सासऱ्यांच्या हातचं शेवटचं. चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत गास्तों गेला, वाइन राहिली. पुढच्या वर्षाच्या अखेरीस ती उघडायची होती. तू तिच्यात काठोकाठ शार्दोने द्राक्षाची वाइन ओतलीस आणि साय बुडाली.

पण पिंप भरलेलं वाजलं तेव्हा सिल्व्हाँ जे बोलला ते त्याहून वाईट होतं. "तू माझ्या बापाला दुसऱ्यांदा मारलंस." हे माझ्या पोटच्या पोरानं म्हटलं, माझ्या स्वयंपाकघरात, लग्नाला सहा महिनेही झाले नसताना. मला वाटलं, आता ही काहीतरी फेकून मारणार. तू ॲप्रन काढलास, घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवलास आणि खालच्या रस्त्यावरून बस पकडलीस. घडी कशाला घातलीस गं? फेकला असतास तर मला बरं वाटलं असतं.

क्लोतिल्द आत्या लगेच हजर झाली. तिला वास येतो. म्हणाली, "परगावची सून केली की असंच व्हायचं." मी म्हटलं, "तू तर गावातलाच नवरा केलास. त्यानं कोणते दिवे लावले?" दोन दिवस बोलली नाही. तेवढीच शांतता.

पत्राचं उत्तर दे. रागाचं दिलंस तरी चालेल.

सोलांज
(तुझी सासू. त्यात अजून काही बदल नाही.)

२६ मार्च

एलोडी,

आज पोस्टमननं एक छोटं पुडकं दिलं. उघडलं तर तळघराची किल्ली. चिठ्ठी नाही, एक अक्षर नाही. पोस्टमन दारातच रेंगाळत होता, म्हणाला, "सोलांजकाकू, काही वाईट बातमी नाही ना?" मी म्हटलं, "सुनेनं किल्ली विसरून नेली होती, ती धाडलीय. जा तू." उद्यापर्यंत गावभर झालंच म्हणून समज.

ती किल्ली मी याच पाकिटात परत पाठवतेय. दुसरी माझ्याकडे आहे. तुझी तुझ्याजवळ राहू दे, खिडकीत ठेव, नाहीतर मांजराच्या गळ्यात बांध. पण परत पाठवू नकोस, टपालखर्च फुकट जातो.

आता एक विचारते. त्या दिवशी तू गप्प का बसलीस?

कारण मला आठवतं. जानेवारीत सिल्व्हाँ छाटणी करताना गोठलेल्या मातीवरून घसरला, पाय मोडला. लों शहरातल्या दवाखान्यात पडून होता. मी तिथेच बहिणीकडे मुक्काम केला होता, आणि घर, कोंबड्या, तळघर सगळं तुझ्या गळ्यात. तू रविवारी भेटायला आलीस तेव्हा पलंगावरून साहेबांनी फर्मान काढलं, "वरच्या कोठीला हात लावू नकोस, तिथे पिवळी आहे. खालच्या तळघरातली सगळी पिंपं दर आठवड्याला भर." मी शेजारी बसून संत्रं सोलत होते. सगळी, म्हणाला. गास्तोंचं पिंप वर कोठीत नाही, खाली शार्दोनेच्या रांगेत शेवटी आहे, स्वयंपाकघरातल्या चुलीच्या भिंतीला टेकून, कारण गास्तोंचं म्हणणं, तिथे ऊब असते, साय दाट धरते. हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही. माझ्याही नाही. आम्हाला ते पिंप इतकं माहीत आहे की ते कोणाला माहीत नसेल हे डोक्यातच येत नाही.

तू एवढंच म्हणायचं होतंस, "तूच सांगितलंस." तीन शब्दसुद्धा लागत नव्हते. तू म्हटलं नाहीस.

मग मी म्हटलं. परवा सूप वाढताना. "तूच सांगितलं होतंस तिला, खालची सगळी भर म्हणून."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय? माहीत आहे म्हणूनच."

आणि सूप तसंच ठेवून कुबडी टेकत उठला. असा आहे. चूक स्वतःची असली की त्याचा आवाज दुप्पट चढतो. हे त्याच्या बाजूनं लिहीत नाहीये. नुसतं सांगतेय.

सोलांज

१९ एप्रिल

एलोडी,

तुझं कार्ड मिळालं. "आई, पिंपाचं काय केलंत?" अख्ख्या कार्डावर एक ओळ, पण "आई" लिहिलंस. मी ते चुलीवरच्या फळीवर उभं ठेवलंय, चित्राची बाजू भिंतीकडे करून.

पिंपाला काही झालेलं नाही. होणार होतं. तू गेल्यावर चौथ्या दिवशी सिल्व्हाँ म्हणाला, "ते पिंप उपसतो आणि व्हिनेगर करायला देऊन टाकतो. मला ते डोळ्यांसमोर नको." मी काही वाद घातला नाही. खुर्ची घेऊन खाली गेले आणि पिंपासमोर विणकाम घेऊन बसले. तो आला, बघितलं, गेला. परत आला. "आई, किती वेळ बसणार आहेस?" म्हटलं, "स्वेटर होईपर्यंत." "कोणाचा स्वेटर?" "अजून ठरलं नाही." दोन दिवस हा खेळ चालला. मला सर्दी झाली, पिंप राहिलं. स्वेटर अर्ध्यावर पडलाय.

तुला वाटत असेल, एका पिंपासाठी माणूस बायकोला असं बोलतो? म्हणून त्र्याऐंशीची गोष्ट सांगते. त्यानं तुला सांगितली नसणार. त्यानं ती मलाही सांगितलेली नाही, मी फक्त तिथे होते.

त्या वर्षी तो बोनच्या वाइनशाळेतून शिकून आला होता. नवा कोरा. ऑक्टोबर सरत आला तरी गास्तों साव्हान्यँच्या तोडणीचं नाव काढेना. पाऊस सुरू झाला, आजूबाजूच्यांचं उरकत आलं, आमचे घड वेलावर. एका सकाळी मळ्यात, सगळ्या तोडणीवाल्यांच्या देखत सिल्व्हाँ ओरडला, "बाबा, तुम्ही म्हातारे झालात! तुमच्या हट्टापायी सगळं सडणार आहे!" गास्तोंनं एक दाणा तोडून तोंडात टाकला, बी थुंकली आणि म्हणाला, "मला नको विचारू. याला विचार." तोडणी नोव्हेंबरात झाली. निम्मी माणसं निघून गेली होती, मी स्वतः पाटी पाठीला लावली.

त्यानंतर बापलेकात बोलणं म्हणजे "मीठ दे" आणि "दार लाव". फेब्रुवारीत गास्तों न्हाव्याच्या खुर्चीत बसला असताना गेला. अर्धी दाढी झाली होती. पुढच्या शरदात पाऊस असा लागला की गावानं आपणहून ठरवलं, यंदा कोणीच आपल्या वाइनला शातो-शालों हे गावाचं नाव लावायचं नाही. म्हणजे सिल्व्हाँच्या एकट्याच्या पहिल्या वर्षाची नावाची वाइनच नाही. तेव्हापासून पोरगा दर नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी एकटा खाली जाऊन त्या पिंपावर हात ठेवून यायचा. मी वरून पायऱ्यांवरून बघितलंय.

बाप बरोबर होता की तो, हे ते पिंप सांगणार होतं. भांडण मिटवायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. तू ते पिंप भरलंस म्हणजे त्याच्या मते निकालच पुसलास. हे तुला माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यानं सांगायला हवं होतं. आमच्या घरात सांगायची पद्धत नाही, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

तुझ्या वडिलांना नमस्कार. त्यांना म्हणावं, पावसात लेकीला मळ्यात पाठवू नका.

सोलांज

२१ जून

एलोडी,

तुझं चार पानी पत्र दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

तर तू असं केलंस होय. खाली गेलीस, बोटानं पिंपं वाजवत निघालीस आणि शेवटचं पोकळ वाजलं. बूच काढलंस तर अक्रोडाचा वास. वरच्या कोठीत तो वास आला असता तर तू बूच परत लावून पाया पडली असतीस. पण खाली, शार्दोनेच्या रांगेत! मेर्सोच्या मुलीला शार्दोनेत अक्रोडाचा वास म्हणजे घरात आजारी माणूस. तुला वाटलं, नवऱ्यानं कित्येक महिने हे पिंप भरलंच नाही, वाइन नासायला लागली. तो दवाखान्यात, लोक त्याला हसतील. म्हणून कोणाला न सांगता भरलंस, नंतरही बोलली नाहीस. त्याची अब्रू झाकायला.

एलोडी, मी म्हातारी बाई, सहसा रडत नाही. तेव्हाही रडले नाही. पण चुलीवरचं सूप करपलं.

ते पत्र मी टेबलावर उघडंच ठेवून कोंबड्यांना दाणे टाकायला गेले. मुद्दाम, हो. परत आले तर घडी वेगळी पडली होती. त्यानं वाचलं. मग कोंबड्यांच्या खुराड्याचं मोडकं दार दुरुस्त केलं, जे मी वर्षभर सांगत होते.

आता इथली बातमी. या महिन्यात गावच्या वाइन-समितीची मंडळी कोठ्या बघायला येणार होती, कोणाची किती पिंपं गावाच्या नावाच्या वाटेवर आहेत ते नोंदवायला. आदल्या दिवशी क्लोतिल्द आत्या आली. दार लावून घेतलं, म्हणजे काहीतरी वाकडं.

"अरे सिल्व्हाँ, कोणाला कळतंय? दीड वर्ष हातात आहे. थोडी काढून घे, वरच्या पिंपातली चमचाभर साय आणून सोड. धरेल पुन्हा. गास्तोंचं नाव तरी राहील!"

सिल्व्हाँ म्हणाला, "आत्या, बाबांचं नाव राहावं म्हणून बाबांच्या नावानं खोटं बोलू?"

"शहाणाच आहेस."

"बोनला शिकलो ना."

ती पाय आपटत गेली. माझ्या मनात, खरं सांगते, दोन मिनिटं क्लोतिल्दचीच बाजू होती.

मंडळी आली तेव्हा मी बाजारात होते. त्या दिवशी तो काय बोलला ते मला रविवारी बेकरीत कळलं. समितीतला मोरिस, लाल मिश्यांचा, सगळ्यांसमोर ओरडला, "सोलांज! तुझ्या पोरानं बापाचं पिंप आपल्या हातानं भरलं म्हणे! पाय मोडला होता की डोकं?" सगळी बेकरी हसली.

मी विचारलं, "त्यानंच सांगितलं असं?"

"त्यानंच. 'एक पिंप कमी लिहा,' म्हणाला. 'माझ्या हातून झालं.' आम्ही म्हटलं, अरे कसं? तर म्हणे, 'लक्ष नव्हतं.'"

गावात आता त्याची टिंगल चालू आहे. मळ्यातून जाताना कोणी ना कोणी हाक मारतो, "काय सिल्व्हाँ, झारी कुठे?" तो हात वर करतो आणि पुढे जातो. तुझं नाव कोणाच्याही तोंडी नाही.

हे त्यानं तुला कळवलं नसणार, म्हणून कळवतेय. त्यावरून तू काही ठरवावंस असं नाही. तो एकदा वाईट बोलला, ते बोललाच.

सोलांज

१७ ऑगस्ट

एलोडी,

परवा मेरीमातेच्या सणाचं जेवण होतं. कोंबडी केली, साय आणि रानातले मोरिय अळंबे घालून, तुला आवडते तशी. क्लोतिल्द आली, कारण सणाला ती कोणावर रागावत नाही.

जेवायच्या आधी मी खाली गेले. काचेची नळी घेतली, गास्तोंच्या पिंपाचं बूच काढलं आणि एक सुरई भरून आणली. कोणाला विचारलं नाही. टेबलावर ठेवली. सिल्व्हाँनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय आहे हे?"

"वाइन आहे. सणाला पितात."

"आई."

"तुला नको असेल तर पाणी पी."

क्लोतिल्दनं आधी पेला नाकाशी धरला. "ना धड इकडची, ना तिकडची," म्हणाली. आणि अर्धा पेला रिकामा केला, ते वेगळं.

सिल्व्हाँ बराच वेळ पेला नुसता फिरवत बसला. कोंबडी निवली. मग त्यानं घोट घेतला, तोंडात धरला, गिळला. पुन्हा घेतला.

"वरवर शार्दोने आहे," तो म्हणाला. "तिची."

"बरं."

"पण खालून येतंय. थांब जरा. खालून येतंय आणि जातच नाहीये." त्यानं डोळे मिटले. "हे नोव्हेंबरातलं द्राक्ष आहे. ऑक्टोबरात तोडलं असतं तर एवढी शार्दोने पडल्यावर काही उरलं नसतं. बुडून गेलं असतं."

मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे म्हातारा बरोबर होता."

"किती?"

"पूर्ण एक महिना बरोबर होता," म्हणाला, आणि हसला. हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला आणि तो मोठ्यानं रडायला लागला. बत्तीस वर्षांचा गडी, हातात काटा तसाच. बाप गेला तेव्हा रडला नव्हता. क्लोतिल्द उठली आणि त्याचं डोकं पोटाशी धरून उभी राहिली. भाऊ आठवला असेल तिला. मी तिच्याबद्दल इतकं वाईट लिहिते, तर हेही लिहायला हवं.

नंतर तो भांडी पुसत होता, तेव्हा म्हणाला, "ती ते पिंप वाचवायला गेली होती, आई."

"मला ठाऊक आहे. मी पत्र वाचलंय."

"मीही वाचलंय."

"तेही ठाऊक आहे."

"मी काय बोललो तिला."

मी म्हटलं, "ते मला सांगू नकोस. मी तिथेच बटाटे सोलत होते. जिला सांगायचं तिला सांग."

"ती तोंड बघेल माझं?"

"मी काय देवी आहे, कौल द्यायला?"

सोलांज

१० सप्टेंबर

एलोडी,

घाईत लिहितेय. मेर्सोची तोडणी सुरू होतेय असं ऐकलं. आमच्या साव्हान्यँला अजून दीड महिना अवकाश आहे, या दिवसांत आमची माणसं रिकामीच असतात. तर तुझ्या वडिलांकडे उद्या एक तोडणीवाला येईल. उंच, किंचित लंगडतो. कात्री स्वतःची आणतोय. त्याला घरात झोपायला देऊ नका, बाकीच्यांबरोबर माळ्यावर झोपू दे. पाटी उचलायला तो पुढे पुढे करेल, करू देऊ नका, पाय अजून कच्चा आहे. आणि तोडणी झाली की आठवडाभर तळघरात झारी घेऊन पिंपं भरायला लावा. तुझ्या वडिलांनी शेजारी उभं राहून चुका काढाव्यात.

तू त्याच्याशी बोललंच पाहिजेस असं नाही. त्याला मी तसं बजावलंय. तो म्हणाला, "मग मी जाऊन काय करू?" मी म्हटलं, "द्राक्षं तोड."

निघताना त्यानं दाढी दोनदा केली.

सोलांज

९ ऑक्टोबर

एलोडी,

तुझं पत्र काल आलं, आणि त्याचा टेलिफोनही काल आला. म्हणजे तुम्ही दोघांनी ठरवून केलं. बरं वाटलं. निदान एक गोष्ट दोघांनी मिळून केली.

तू लिहिलंस, तो पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांच्या पंगतीत उभा राहिला आणि काय बोलला होता ते शब्दासकट सांगून माफी मागितली. घरात बोललेलं सगळ्यांसमोर मागे घ्यायचं, हे कुठून शिकला कोण जाणे. गास्तोंकडून नाही. तू त्याला माफ केलंस, तेही वाचलं. घाईनं केलं नाहीस, तीन आठवडे त्याला झारी धरायला लावलीस, तेही योग्यच केलंस.

आणि पुढचं वाचलं. तुझ्या वडिलांना मुलगा नाही, त्यांना सिल्व्हाँचा हात आवडला, तिथे दोघांना पुरेल एवढं काम आहे. आणि तुला त्या स्वयंपाकघरात पुन्हा पाऊल टाकायची भीती वाटते. खाली गेलीस की ते पिंप दिसेल, आणि प्रत्येक वेळी ते शब्द ऐकू येतील. तो म्हणतो, तू म्हणशील तिथे राहीन. तू विचारतेस, "आई, तुम्हाला काय वाटतं?" टेलिफोनवर त्यानंही हेच विचारलं.

त्याला मी काय उत्तर दिलं ते तुला कळलंच असेल. "खुशाल राहा. मळा क्लोतिल्दच्या जावयाला कसायला देते. मी ठणठणीत आहे." टेलिफोन ठेवला आणि जाऊन कोंबड्यांवर ओरडले. त्यांनी काही केलं नव्हतं.

तुला मात्र खरं लिहिते. पिंपाचं आधी. ते मी हलवलेलं नाही आणि हलवणार नाही. तू येशील, बघशील, तुला वाईट वाटेल. वाटू दे. मग एक दिवस हात रिकामा करायला त्याच्यावर अंड्यांची टोपली ठेवशील. घरातल्या वस्तूंचं असंच होतं, मला ठाऊक आहे, मीही या घरात परगावाहूनच आले. घर सोडून पळालं तर ते पिंप मेर्सोपर्यंत पाठलाग करेल.

आता माझं. मार्चपासून मी तुला लिहीत आले की मी कोणाची बाजू घेत नाही. ते खोटं होतं. मी माझीच बाजू घेत होते.

या घरात मी चव्वेचाळीस वर्षं आहे. वेल बांधले, पाट्या वाहिल्या, पावसानं खाली वाहून आलेली माती पाठीवर घेऊन पुन्हा वर नेली. पण वाइन चाखायची वेळ आली की पेला आधी माझ्या सासऱ्यांकडे, मग गास्तोंकडे, मग सिल्व्हाँकडे. मी टेबल पुसायची. गेल्या ऑक्टोबरात तू आदल्या वर्षीची शार्दोने पिंपातून काढलीस, आणि पहिला पेला माझ्यापुढे धरलास. म्हणालीस, "आई, तुम्ही सांगा, बाटल्यांत भरू की अजून थांबू?" मी काहीतरी बरळले. तू मान डोलावलीस आणि मी सांगितलं तसंच केलंस. सिल्व्हाँ बघत राहिला. ते बरोबर होतं की चूक, मला अजून माहीत नाही.

त्यानंतर तू रोज विचारत राहिलीस. मार्चपर्यंत. मग तू गेलीस आणि पुन्हा कोणी विचारलं नाही. संध्याकाळी मी आणि सिल्व्हाँ टेबलाच्या दोन टोकांना बसायचो, तो पेपर वाचायचा आणि मी तुला पत्र लिहायची. मुलासाठी लिहितेय असं म्हणायची. मला तुझ्याशिवाय करमत नाही, एलोडी. एवढं साधं होतं. पहिल्याच पत्रात लिहिता आलं असतं.

या महिन्याच्या अखेरीस साव्हान्यँची तोडणी काढायचीय. दिवस कोणता, ते ठरायचंय. मी एकटीनं दाणे चाखले, मला वाटतं अजून थांबावं, पण विचारायला कोणी नाही.

म्हणून म्हणते, दोघं या. आणि तुम्हा दोघांपैकी एकालाच यायचं असेल, तर त्याला तिथे राहू दे, तुझ्या वडिलांना सोबत होईल. तू ये.

सोलांज